सात डोंगरांचा वेल्ड मॅप

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. अबू धाबीजवळ मुसफ्फाच्या यार्डात माझ्या माघारी लोक मला काय म्हणायचे ते मला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर त्याचा थोडा अभिमानच होता. मी वेल्डिंग इन्स्पेक्टर. पाइपांचे जोड तपासायचे, एक्सरे फिल्मवर काळा ठिपका दिसला की जोड कापून पुन्हा करायला लावायचा, हे माझं काम. कुणी कितीही 'हबीबी, एवढं सोड ना' म्हटलं तरी मी सोडत नसे.

दोन हजार आठ संपता संपता सगळंच फिरलं. दुबईतल्या क्रेन थांबल्या हे पेपरात वाचलं तेव्हा आम्ही अबू धाबीवाले निर्धास्त होतो. आमचं काम तेलाचं, आम्हाला काय होतंय! मग एका सकाळी टाइम ऑफिसच्या दाराला यादी लागली. त्यानंतर दर पंधरवड्याला लागायला लागली. ज्याचं नाव त्याचा व्हिसा कॅन्सल, खलास. काल ज्याच्याबरोबर चहा प्यायलो तो आज बॅग घेऊन गेटवर उभा. रजेवर गेलेल्यांचं तर आणखी वाईट. ते गावी पोचले की मागून फोन जायचा, परत येऊ नका. त्यामुळे त्या वर्षी रजा मागायची कुणाची छाती होत नव्हती.

अशा दिवसांत एका माणसानं माझ्याकडे रजा मागितली. तो व्हिएतनामचा होता. पंचेचाळिशीचा, अंगानं काटक, दात तंबाखूनं पिवळे. टिग वेल्डर, म्हणजे सगळ्यात नाजूक जोड करणारा. त्याच्या जोडाला मी कधी नावं ठेवू शकलो नाही, आणि नावं ठेवणं हा तर माझा धंदा. तीन वर्षं आमच्या बिहारी फिटरांबरोबर राहून तो मोडकीतोडकी हिंदी शिकला होता. आमचं सगळं बोलणं त्याच हिंदीत व्हायचं.

आमची ओळख वाढली ती गुळामुळे. एकदा जोडावर सही करताना त्यानं खिशातून पानात गुंडाळलेली पिवळसर ढेप काढून माझ्या हातावर ठेवली. मी वास घेतला आणि ओरडलो, "अरे, हा तर ताडगूळ!" त्याला इतका आनंद झाला की त्यानं वेल्डिंगच्या हातमोज्यानंच माझी पाठ थोपटली. मग रोज चहाच्या सुट्टीत तो माझ्या पोर्टाकॅबिनमध्ये यायला लागला. दुसरा कुणी असता तर मी हाकलला असता.

त्याचं गाव कंबोडियाच्या हद्दीला लागून. सगळा मुलूख सपाट, भातखाचरं आणि ताड, आणि त्या सपाटीतून अचानक वर आलेले डोंगर. त्यांचं नाव म्हणजे नुसतं 'सात डोंगर'. मी आपला इन्स्पेक्टर, लगेच विचारलं, कुठले सात? तर म्हणतो, "सर, सब आदमी अलग-अलग सात गिनता." डोंगर प्रत्यक्षात तीसेक आहेत. कुठले सात पवित्र, यावर दोन गावांचं एकमत नाही. मला हे मुळीच आवडलं नाही. मोजायचं तर नीट मोजा की!

पण बाकीचं ऐकताना मी रमायचो. जवळच्याच एका डोंगरावर देवीची मूर्ती सापडली, दांडग्या माणसांना उचलेना, मग नऊ कुमारिकांनी ती अलगद खाली आणली, आणि पायथ्याशी आल्यावर ती अशी काही जड झाली की तिथेच देऊळ बांधावं लागलं. दरवर्षी तिला न्हाऊ घालून नवी वस्त्रं नेसवतात. आमच्याकडच्या देवीसारखंच. डोंगरात पूर्वी वाघ होते. वाघाला वाघ म्हणायचं नाही, 'आजोबा' म्हणायचं. डोंगरात शिरताना तीन उदबत्त्या लावून सांगायचं, मी अमक्याचा मुलगा, अमक्या आजारासाठी आलोय, पाहिजे तेवढंच घेईन. मूळ उपटायचं नाही.

हे सगळं त्याला माहीत होतं कारण त्याचा बाप डोंगरातला वैदू. सात डोंगरांत असे पुष्कळ. लांबून माणसं येतात, तापासाठी, सांधेदुखीसाठी, मूल होण्यासाठी. बाप कुणाला परत पाठवायचा नाही. आणि त्याच्या घराण्यातली चाल अशी होती की औषध शिकवायचं ते डोंगरावरच. बापानं पुढे चालायचं, मुलानं मागे. झाडापाशी थांबायचं, पान हातात द्यायचं, नाव तिथेच आणि त्याच वेळी सांगायचं. घरात बसून नाव काढायचं नाही, लिहायचं तर मुळीच नाही. खाली आणलं की गुण जातो.

आणि आमच्या या शहाण्यानं शिकायच्या वयात शिकून घेतलं नव्हतं. वेल्डिंगचा कोर्स केला आणि देश सोडला. मोठा भाऊ शिकत होता, तो तापानं गेला. आता बाप अठ्ठ्याहत्तरचा, दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. थोडं थोडं दिसत होतं. पाऊस सुरू झाला की महिनाभर कोंब फुटलेले असतात, तेवढ्याच दिवसांत झाडं ओळखून दाखवता येतात. पुढच्या पावसापर्यंत डोळे राहणार नाहीत, असं बापानं स्वतःच सांगितलं होतं. म्हणून त्याला मे महिन्यात चाळीस दिवस हवे होते.

मी फॉर्म बघितला आणि म्हटलं, "पागल हुआ क्या? गया तो वापस नहीं आएगा."

"मालूम, सर. नौकरी जाएगा तो जाएगा."

त्याच्या तोंडचं हे वाक्य मी ऐकलं. स्पष्ट ऐकलं. तरी मी फॉर्मवर 'क्रिटिकल मॅनपॉवर, नॉट रिलीज्ड' लिहिलं आणि सही केली. माझ्या सहीशिवाय त्याला जाता येत नव्हतं. पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत आणि राजीनामा दिला तर पुन्हा या देशात कामाला येण्यावर बॅन.

तुझ्या भल्यासाठी करतोय, असं मी त्याला सांगितलं. घरी बायकोलाही तसंच सांगितलं. वर्षानुवर्षं स्वतःलाही तेच सांगत आलो. आता खोटं बोलायचं वय राहिलं नाही. रुवैसच्या रिफायनरीचा शटडाऊन, म्हणजे ती बंद ठेवून करायची दुरुस्ती, जूनमध्ये होता, त्यासाठीचे पाइप आमच्याकडे चालू होते, आणि यार्डात अवघड जोड पहिल्या झटक्यात पास करणारा तो एकटा उरला होता. नापास जोडांचे रिपेअर वाढले असते तर पुढच्या यादीत माझं नाव आलं असतं. मुलगी सातवीत होती. खलिफा सिटीतल्या व्हिलाचा अर्धा मजला भाड्यानं घेतला होता. मी घाबरलो होतो, बस.

पण त्याचं तोंड बघवेना. चहाला येईनासा झाला. आला तरी उभ्यानंच कप रिकामा करून जायचा. मग माझ्या सुपीक डोक्यातून ती आयडिया निघाली.

आमच्या धंद्यात वेल्ड मॅप असतो. पाइपलाइनचा नकाशा काढायचा, प्रत्येक जोडाला नंबर द्यायचा, कुठल्या कोपऱ्यापासून किती अंतरावर ते लिहायचं. पंधरा वर्षांनी वेल्डर मेला, इन्स्पेक्टर निवृत्त झाला, तरी कुणीही अडाणी तो कागद घेऊन बरोबर त्या जोडापाशी जाऊन उभा राहतो. मी त्याला बसवून म्हटलं, तू दर शुक्रवारी बापाला फोन करतोस ना? एकेक जागा विचारून घे. आपण डोंगराचा वेल्ड मॅप करू.

तो म्हणाला, बाप नाव सांगणार नाही.

"नाम नहीं चाहिए! जगह बोलेगा ना? जगह मिला तो झाड़ मिलेगा. वो भाग के जाएगा क्या?"

मी हे फार ऐटीत म्हणालो होतो.

घरी जेवताना सांगितलं तर बायकोनं पोळी लाटता लाटता मान हलवली. ती सावंतवाडीकडची. तिच्या मामांच्या घरी काविळीचं औषध देतात, भल्या सकाळी, दुधातून, आणि औषध कसलं ते घरातल्या सुनेलासुद्धा सांगत नाहीत. "अहो, असल्या गोष्टी कागदावर उतरत नाहीत. सोडा ना त्याला घरी. चाळीस दिवसांनी काय आभाळ कोसळणार आहे?"

"तुला यार्डातलं काय कळतंय?" मी खेकसलो.

मुलगी म्हणाली, "बाबा, व्हाय कान्ट ही जस्ट गूगल इट?"

बघा, लेकीचंही माझ्यासारखंच.

बाप तयार झाला हेच नवल. लेकाला रजा मिळत नाही, डोळे जाताहेत, करणार काय म्हातारा! त्याच्याकडे फोन नव्हता. शेजारीण होती, बांबूचे कोंब गोळा करून विकणारी, तिच्या फोनवर तो शुक्रवारी दुपारी यायचा. हा कॅम्पातल्या गजबजलेल्या खोलीत एक कान हातानं बंद करून लिहून घ्यायचा आणि शनिवारी चहाला वही आणायचा. पायवाट, ओढा, दुभंगलेला खडक, पडकं देऊळ, त्यापुढे इतकी पावलं. मी एथ्री कागदावर पेन्सिलीनं काढत जायचो. त्याचा चेहरा पुन्हा उघडला होता. एकदा म्हणाला, बाप फोनवर बोलताना डोळे मिटतो आणि जागेवरच पाय हलवतो, शेजारीण हसते. तीन आठवड्यांत बावीस जागा झाल्या. कुठली जागा कशासाठी, तेही लिहिलं. तापाची, खोकल्याची, बाळंतिणीची.

मी घरी बसून शाईनं फेअर काढला. खाली उजव्या कोपऱ्यात चौकट आखली, रिव्हिजन झीरो लिहिलं. इतका देखणा नकाशा मी कंपनीसाठीही कधी केला नसेल. आणि मग, हात कसे थांबतील, मी तो तपासायला घेतला. लाल पेन काढलं. चौदा नंबरची जागा, लहान मुलांच्या तापासाठीची. दुभंगलेल्या खडकाच्या पुढे, एवढंच. दिशा नाही, अंतर नाही. मी लाल गोल केला आणि बाजूला लिहिलं, 'डायमेन्शन मिसिंग'.

शनिवारी त्याला दाखवलं. तो म्हणाला, तेवढं बापाला आठवत नाही. "बाप बोलता, पैर को मालूम."

"पाँव को मालूम मतलब? पाँव टेलिफोन पे बात करेगा? नंबर चाहिए. एक जगह बिना नंबर का, तो पूरा मॅप रिजेक्ट." मी हसत म्हणालो होतो. थट्टाच होती. यार्डात मी असाच बोलायचो आणि तोही हसला होता. पण माझ्या 'रिजेक्ट'चा त्याला तीन वर्षांचा अनुभव होता. ते कधी थट्टेवारी जात नसे.

पुढच्या शुक्रवारी त्यानं बापाला विचारलं. बाप म्हणाला, बघून सांगतो.

त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी मी एक्सरे फिल्म बघत होतो. तो दार न वाजवता आत आला. हेल्मेट हातात. बसला नाही.

बाप बुधवारी एकटाच वर गेला होता. पावलं मोजायला. शेजारणीला सांगून गेला, लेकाच्या साहेबाला आकडा पाहिजे. पाऊस होता, खडक ओला. गुरुवारी ती कोंब काढायला गेली तेव्हा ओढ्यात सापडला, कंबर मोडलेली. माणसं बोलावून खाली आणला. शुक्रवारी फोनवर यायच्या अवस्थेत नव्हता. शनिवारी पहाटे गेला.

एवढं सांगून त्यानं हेल्मेट टेबलावर ठेवलं. मग म्हणाला, "सर, दो दिन बाप एक ही बात बोला. वो औरत को याद कराया. बार-बार बोला, भूलना नहीं." आणि त्यानं माझ्या टेबलावरच्या लाल पेनाकडे बोट दाखवलं. "चौदा नंबर. फिफ्टी सेवन कदम. सूरज उगने का साइड. सर, लिखो."

मी म्हटलं, असू दे रे, आता काय त्याचं.

"लिखो, सर."

मी ड्रॉवरमधून नकाशा काढला. लाल गोलाच्या आत सत्तावन्न लिहिलं, पूर्वेला बाण काढला. बाण वाकडा आला. तो वाकून नीट बघत होता. मग त्यानं विचारलं, "अभी ओके?" मी मान डोलावली. तो जाऊन कामाला लागला. त्या दिवशी त्यानं चार जोड केले आणि चारही पास झाले.

मी लगेच इमर्जन्सी रजेचा फॉर्म भरला, धावत जाऊन मॅनेजरची सही आणली. पासपोर्टसुद्धा त्याच दुपारी निघाला. बघा, किती सोपं होतं ते! तर तो म्हणाला, आता नको. सोमवारी माती देतील, विमान पोचणार नाही. आणि वर न्यायला कुणी उरलं नाही.

घरी सांगितलं तेव्हा बायकोनं हातातलं काम बाजूला ठेवलं. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. देवापुढे दिवा लावला आणि माझ्या ताटात भात वाढला. तो तसाच राहिला.

शटडाऊन वेळेत झाला. क्लायंटनं शाबासकी दिली, माझं नाव कुठल्याच यादीत आलं नाही. ऑगस्टमध्ये त्याचं आलं, सगळ्या व्हिएतनामी लोकांबरोबर. मी मॅनेजरशी भांडलो, आरडाओरडा केला, पण मॅनेजर म्हणाला, अहो, काम संपलं ना आता. ज्या नोकरीसाठी मी त्याला अडकवला ती तीन महिन्यांत अशी गेली. निघताना त्यानं नकाशा मागितला. मी प्लास्टिकच्या नळीत घालून दिला. माफी मागायची म्हणून सकाळपासून वाक्य जुळवलं होतं. बसचा ड्रायव्हर 'यल्ला, यल्ला' करत घाई लावत होता, आणि मी त्याला काय म्हणालो तर, पावसात भिजवू नकोस.

पुढच्या वर्षी जूनमध्ये मी रुवैसला साइटवर होतो. भर दुपारी लांबलचक नंबरावरून फोन आला. मी ओळखलंच नाही. "सर, मैं," म्हणाला तेव्हा ओळखलं. मागे कोंबडे ओरडत होते. तो पंधरा दिवस रोज वर जात होता म्हणे, नकाशा घेऊन, उदबत्त्या लावून, एक ते बावीस.

"मिला क्या?" मी विचारलं.

"सब मिला, सर. चौदा नंबर भी. फिफ्टी सेवन कदम, एकदम बराबर."

मला हायसं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं. मी म्हटलंही, "देखा? मैं बोला था ना!"

तो म्हणाला, "सर, उधर झाड़ बहुत है. छोटा, बड़ा, सब हरा. दवाई कौन सा, मालूम नहीं."

मी उन्हात उभा होतो. बाजूला फिटर लोक जेवत बसले होते. फोटो पाठव, गावात दुसऱ्या कुणा वैदूला विचार, असलं काहीतरी मी बडबडलो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. दुसरे वैदू आपापल्या जागा सांगत नाहीत, म्हणाला.

"फिर अभी क्या करता तू?"

"अभी भी लोग आता है, सर. कल एक माँ आया, बच्चा को बुखार. दूर से आया, बोट में." मग म्हणाला, "मैं बोला, बाप घर में नहीं है."